पान रीलोड न करता वेब फॉर्म पाठवणे: ब्राउझरची कामे अंगावर घेताना

एका सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळावर सभासद नोंदणीचा अर्ज आहे, असे धरून चालू. त्यात नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, वर्गणीचा प्रकार, आवडीच्या साहित्यप्रकारांचे काही चेकबॉक्स आणि छायाचित्र असे रकाने आहेत. अर्जदार ‘अर्ज पाठवा’ हे बटण दाबतो, ब्राउझर चालू पान सोडून देतो आणि मोबाइल क्रमांकात एक अंक कमी पडला असेल तर तोच फॉर्म पुन्हा वरपासून उभा राहतो. सर्व्हरने बाकीचे रकाने भरून दिले तरी निवडलेले छायाचित्र नाहीसे झालेले असते, कारण फाइलचा रकाना आधीच भरून पाठवण्याची मुभा ब्राउझर सुरक्षेच्या कारणास्तव कोणत्याही सर्व्हरला देत नाही. पान न बदलता पडद्याआड अर्ज पाठवण्याचा खरा लाभ या ठिकाणी दिसतो. वेग थोडाफार वाढतो हे खरे, पण भरलेली माहिती जागच्या जागी राहते, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

हे तंत्र नवे नाही. मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या वेब आवृत्तीच्या गरजेतून घडवलेला एक्सएमएलएचटीटीपी हा घटक १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीबरोबर दिला, २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला एजॅक्स हे नाव दिले आणि २०१५ पासून क्रोम व फायरफॉक्समध्ये फेच हे सुटसुटीत साधन मिळू लागले. आज यासाठी जेक्वेरी किंवा अन्य कोणत्याही लायब्ररीची (तयार कोडच्या संग्रहाची) गरज उरलेली नाही.

अडचण वेगळीच आहे. ‘तुझे नेहमीचे काम करू नकोस’ असे ब्राउझरला एका ओळीत सांगता येते. परंतु त्या ओळीसरशी तो आजवर बिनबोभाट करत आलेली बरीच कामे आपल्या गळ्यात पडतात. विनंती चालू असल्याची खूण दाखवणे, सर्व्हरने त्रुटीचे पान पाठवले तर ते जसेच्या तसे समोर ठेवणे, नवीन पान आल्याचे स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला) कळवणे ही त्यांपैकी काही होत. शिकवणीतले बहुतेक नमुने ती एक ओळ आणि त्यापुढच्या दहा-बारा ओळींत संपतात, म्हणून ते कार्यालयातल्या वायफायवर उत्तम चालतात आणि तालुक्याच्या गावी कोलमडतात.

## पहिली पायरी: स्क्रिप्टशिवाय चालणारा फॉर्म

जावास्क्रिप्टची एकही ओळ लिहिण्यापूर्वी फॉर्म साध्या पद्धतीने पूर्ण चालला पाहिजे. फॉर्म टॅगला ॲक्शनमध्ये खरा पत्ता आणि मेथडमध्ये पोस्ट द्यावे, प्रत्येक रकान्याला लेबल आणि नेम द्यावे आणि बटणाचा प्रकार सबमिट ठेवावा. यातले नेम विसरू नये; केवळ आयडी दिलेला रकाना पडद्यावर दिसतो, भरता येतो, पण पाठवलेल्या माहितीत त्याचा मागमूस नसतो.

सर्व्हरने अर्ज स्वीकारल्यावर ३०३ या स्थितिक्रमांकासह (प्रत्येक उत्तराबरोबर सर्व्हर पाठवतो तो निकालदर्शक आकडा) पोचपावतीच्या पानाकडे पाठवावे, म्हणजे अर्जदाराने पान रिफ्रेश केले तरी अर्ज दुसऱ्यांदा जात नाही. माहितीत चूक असेल तर ४२२ हा क्रमांक आणि चुकांसह तोच फॉर्म परत द्यावा. पुष्कळ सर्व्हर चूक असतानाही २००, म्हणजे ‘सर्व ठीक’, देतात. माणसाला त्याने काही फरक पडत नाही, पण पुढे आपली स्क्रिप्ट याच क्रमांकावर विसंबणार आहे, त्यामुळे ही शिस्त आताच लावून घेतलेली बरी.

## दुसरी पायरी: क्लिक नव्हे, सबमिट

कान लावायचा तो फॉर्मच्या सबमिट या इव्हेंटला, म्हणजे फॉर्म पाठवला जात असल्याच्या सूचनेला. बटणाच्या क्लिकला नाही. अर्जदार रकान्यात एंटर दाबूनही अर्ज पाठवतो, मोबाइलच्या कळफलकावरची ‘गो’ ही कळ दाबूनही पाठवतो, आणि ब्राउझरची स्वतःची पडताळणी, म्हणजे अनिवार्य रकाना रिकामा आहे का वगैरे, पार पडल्यानंतरच सबमिट हा इव्हेंट येतो. क्लिकवर काम बांधले तर ही पडताळणी वगळली जाते. याच कारणासाठी कोडमधून फॉर्म पाठवायचा झाल्यास रिक्वेस्टसबमिट हे फंक्शन वापरावे. जुने सबमिट हे फंक्शन पडताळणीही करत नाही आणि इव्हेंटही उठवत नाही.

इव्हेंट हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये प्रिव्हेंटडिफॉल्ट, म्हणजे ब्राउझरचे नेहमीचे काम थांबवणारी ती एक ओळ, सर्वांत आधी बोलवावे. ते एखाद्या अवेटच्या, म्हणजे उत्तराची वाट पाहायला लावणाऱ्या शब्दाच्या, नंतर लिहिले तर त्याचा उपयोग नाही, कारण तोवर ब्राउझर आपल्या वाटेने निघून गेलेला असतो. तसेच इव्हेंटचे करंटटार्गेट अवेटनंतर रिकामे होते, त्यामुळे फॉर्मचा संदर्भ सुरुवातीलाच एका चलात ठेवावा.

## तिसरी पायरी: माहिती गोळा करणे

प्रत्येक रकान्याची किंमत हाताने वाचत बसण्याचे कारण नाही. फॉर्मडेटा या वस्तूला फॉर्म दिला की ती ब्राउझरच्याच नियमांनुसार सर्व माहिती फायलींसह गोळा करते. मात्र ते नियम ठाऊक असावेत. खूण न केलेला चेकबॉक्स त्यात येत नाही. डिसेबल्ड केलेला रकानाही येत नाही, आणि इथे एक हमखास फसगत होते: दुसऱ्यांदा बटण दाबले जाऊ नये म्हणून आधी सर्व रकाने बंद केले आणि मग फॉर्मडेटा बनवला, तर सर्व्हरकडे रिकामा अर्ज जातो. आधी माहिती गोळा करावी, मग दारे बंद करावीत.

फॉर्मला ‘मसुदा जतन करा’ आणि ‘अर्ज पाठवा’ अशी दोन बटणे असतील तर कोणते दाबले हे साध्या पद्धतीत सर्व्हरला आपोआप कळते. फॉर्मडेटाला केवळ फॉर्म दिल्यास ते कळत नाही. इव्हेंटच्या सबमिटर या गुणधर्मात ते बटण मिळते आणि अलीकडच्या ब्राउझरांत ते फॉर्मडेटाला दुसरा घटक म्हणून देता येते.

सर्व्हरला जेसनच (नाव-किंमत अशा जोड्यांचा मजकूर) हवे असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ऑब्जेक्टचे फ्रॉमएन्ट्रीज हे फंक्शन वापरून फॉर्मडेटाचे ऑब्जेक्ट बनवल्यास एकाच नावाच्या अनेक चेकबॉक्सपैकी फक्त शेवटची किंमत टिकते. कादंबरी, कविता आणि प्रवासवर्णन निवडणारा अर्जदार केवळ प्रवासवर्णनाचा वाचक ठरतो. आणि छायाचित्राची फाइल जेसनमध्ये कोंबली की तिचे रिकामे महिरपी कंस होतात. शिवाय पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत जेसनची माहिती नेहमीच्या पोस्ट ॲरेमध्ये येत नाही, ती वेगळी वाचावी लागते. माझ्या मते फाइल असो वा नसो, फॉर्मडेटा तसाच पाठवणे श्रेयस्कर, कारण मग साधा अर्ज आणि पडद्याआडचा अर्ज यांच्यासाठी सर्व्हरवर एकच कोड पुरतो.

## देवनागरी लिहिणाऱ्या अर्जदारांसाठी

इनस्क्रिप्ट कळफलकावर लिहिणारा माणूस मोबाइल क्रमांकही देवनागरी अंकांत लिहू शकतो. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधील (मजकुराचा साचा तपासणाऱ्या सूत्रातील) बॅकस्लॅश डी हे चिन्ह फक्त इंग्रजी अंक ओळखते, तर पायथन ३ मधले तेच चिन्ह मजकुरात देवनागरी अंकही मान्य करते. परिणामी ब्राउझर नाकारतो ते सर्व्हर स्वीकारतो, आणि दोन्हींकडे ‘एकच नियम’ लिहिल्याचे समाधान खोटे ठरते. पॅटर्न या गुणधर्मात दोन्ही प्रकारचे अंक मान्य करावेत, अन्यथा सबमिट इव्हेंटपर्यंत गोष्ट पोहोचतच नाही, आणि पुढे सर्व्हरवर रूपांतर करावे. ते सोपे आहे: युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि इंग्रजी शून्याचा ४८ आहे, त्यामुळे प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की काम होते.

अक्षरमर्यादेचेही तसेच आहे. ‘क्षितिज’ हा शब्द वाचताना तीन अक्षरांचा वाटतो. रकान्याची अक्षरमर्यादा ठरवणाऱ्या मॅक्सलेंग्थच्या हिशेबात तो सातांचा आहे, कारण क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी आणि ज असे प्रत्येक चिन्ह वेगळे मोजले जाते. पीएचपीचे एसटीआरलेन हे फंक्शन बाइट मोजत असल्यामुळे २१ सांगते, एमबी उपसर्गाचे भावंड मात्र सातच सांगते. हाच शब्द पत्त्याच्या पट्टीतून, म्हणजे गेट पद्धतीने पाठवला तर प्रत्येक बाइटसाठी टक्केचिन्ह आणि दोन वर्ण लागून त्याची लांबी ६३ होते. पत्त्याच्या रकान्याला ‘१०० अक्षरे’ अशी मर्यादा घालताना ती कोण आणि कशी मोजणार, हे ठरवून मगच आकडा लिहावा. बहुओळी रकान्यात आणखी एक गंमत आहे: ब्राउझर नव्या ओळीचे एक चिन्ह मोजतो आणि पाठवताना त्याची दोन करतो.

## चौथी पायरी: पाठवणे

फेचला पत्ता, पोस्ट ही मेथड आणि बॉडी म्हणून फॉर्मडेटा द्यावा. ॲक्सेप्ट या हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या सूचनेत) जेसन हवे असल्याचे सांगावे, म्हणजे सर्व्हर त्याच पत्त्यावर साध्या ब्राउझरला पान आणि आपल्या स्क्रिप्टला जेसन देऊ शकतो. कन्टेन्ट-टाइप हे हेडर मात्र स्वतः लिहू नये. फॉर्मडेटाचे भाग वेगळे करणारी सीमारेषा ब्राउझर आयत्या वेळी बनवतो आणि त्या हेडरमध्ये टाकतो. आपण ते हेडर हाताने लिहिले की सीमारेषा हरवते आणि सर्व्हरला काहीच वाचता येत नाही.

पत्ता फॉर्मच्या ॲक्शन या गुणधर्मातून घेतानाही सावध राहावे. फॉर्ममध्ये ॲक्शन याच नावाचा रकाना असेल तर तो गुणधर्म पत्त्याऐवजी तो रकानाच हाती देतो. वर्डप्रेसवर ॲडमिन-एजॅक्स या फाइलकडे विनंती पाठवणाऱ्यांना हे नक्की भेटते, कारण तिथे ॲक्शन नावाची किंमत पाठवणे सक्तीचे आहे आणि ती सहसा एका छुप्या रकान्यात ठेवलेली असते. गेटॲट्रिब्यूट वापरले की हा घोळ टळतो.

त्याच डोमेनवर विनंती जात असेल तर फेच कुकी आपोआप पाठवते. बनावट विनंत्या रोखणारा सीएसआरएफ टोकन छुप्या रकान्यात असेल तर तोही फॉर्मडेटातून जातो. मात्र काही फ्रेमवर्क (संकेतस्थळ उभारण्याचे तयार सांगाडे) प्रत्येक अर्जानंतर टोकन बदलतात. कोडइग्नायटर ४ मध्ये मूळ मांडणीच तशी आहे. पान बदलत नसल्यामुळे फॉर्ममध्ये जुनाच टोकन पडून राहतो आणि पहिल्या चुकीनंतर दुरुस्त केलेला अर्ज विनाकारण नाकारला जातो. प्रत्येक प्रतिसादाबरोबर नवा टोकन पाठवून तो रकान्यात भरून घेणे, हा त्यावरचा उपाय आहे.

## पाचवी पायरी: वाट पाहण्याचा काळ

बटण दाबल्यावर काही घडत नसल्याचे दिसले की माणूस ते पुन्हा दाबतो. बटणावरचा मजकूर ‘अर्ज पाठवत आहोत…’ असा बदलावा आणि एका चलात ‘विनंती चालू आहे’ अशी खूण ठेवून दुसरा सबमिट परतवून लावावा. बटण डिसेबल्ड करण्यापेक्षा ही खूण बरी, कारण डिसेबल्ड केलेल्या बटणावर कळफलकाचा फोकस टिकत नाही आणि स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती पानात कुठे आहे हेच हरवून बसते. बटणाला एरिया-डिसेबल्ड हा (बटण बंद असल्याचे स्क्रीन रीडरला सांगणारा) गुणधर्म तेवढा द्यावा.

फेचला स्वतःची कालमर्यादा नाही. ॲबॉर्टसिग्नलचे टाइमआउट वापरून ती घालता येते, पण आकडा विचारपूर्वक निवडावा. मोबाइलवर काढलेले चार मेगाबाइटचे छायाचित्र सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने वर चढवायला सर्व काही सुरळीत असतानाही ३२ सेकंद लागतात. दहा सेकंदांची मर्यादा घातली तर खेड्यातल्या अर्जदाराचा अर्ज कधीच जाणार नाही. वाचनालयाच्या ओळखपत्रासाठी ६०० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र भरपूर झाले, म्हणून ते ब्राउझरमध्येच कॅन्व्हासवर लहान करून फॉर्मडेटात सेट या फंक्शनने मूळ फाइलच्या जागी ठेवावे. किती टक्के भाग गेला हे दाखवायचेच असेल तर फेचकडे तशी सोय नाही. जुन्या एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टच्या अपलोड या भागावर प्रोग्रेस इव्हेंट मिळतो आणि त्यासाठी तेच वापरावे.

कालमर्यादा संपली याचा अर्थ अर्ज पोहोचला नाही, असा होत नाही. तो पोहोचून नोंदला गेला असेल आणि केवळ उत्तर वाटेत हरवले असेल. अर्जदार साहजिकच पुन्हा पाठवतो आणि एकाच माणसाची दोन सभासदत्वे तयार होतात. याला ब्राउझरमधली कोणतीही युक्ती पुरी पडत नाही. फॉर्मचे पान देतानाच सर्व्हरने छुप्या रकान्यात एक अद्वितीय क्रमांक घालावा, डेटाबेसमध्ये त्या स्तंभावर युनिक इंडेक्स ठेवावा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद न करता आधीचीच पोचपावती परत द्यावी. पैशांचा व्यवहार असेल तिथे हे टाळण्याला कोणतीही सबब चालणार नाही.

## सहावी पायरी: उत्तराचा अर्थ लावणे

सर्वाधिक गफलती इथे होतात. फेचच्या दृष्टीने ४०४ किंवा ५०० हे अपयश नव्हे. सर्व्हरने काहीतरी उत्तर दिले म्हणजे तिचे काम झाले. ती त्रुटी फेकते ती जाळे तुटल्यावर, विनंती रद्द झाल्यावर किंवा दुसऱ्या डोमेनने परवानगी नाकारल्यावर. म्हणून प्रतिसादाचा ओके हा गुणधर्म तपासणे अपरिहार्य आहे.

त्यानंतर थेट जेसन वाचायला जाऊ नये. सर्व्हर कोसळल्यावर तो बहुधा एचटीएमएलचे पान पाठवतो आणि जेसन वाचणारे फंक्शन पहिल्याच कोनी कंसाला अडखळते. कन्सोलमध्ये दिसणारी ‘अनपेक्षित टोकन’ ही कुप्रसिद्ध तक्रार याचीच असते. आधी कन्टेन्ट-टाइप पाहावा, जेसन नसेल तर ‘आमच्या बाजूला अडचण आली आहे, तुमचा अर्ज नोंदलेला नाही’ असे काहीतरी सांगावे, आणि ‘नोंदलेला नाही’ हे शब्द खात्री असेल तरच वापरावेत.

याहून फसवी स्थिती सत्र संपल्यावर येते. लॉगिनची मुदत संपली की सर्व्हर लॉगिनच्या पानाकडे वळवतो, फेच ते वळण निमूटपणे घेते, लॉगिनचे पान २०० क्रमांकासह येते आणि केवळ ओके पाहणारी स्क्रिप्ट ‘अर्ज मिळाला, धन्यवाद’ असे जाहीर करते. जेसन मागणाऱ्या विनंतीला सर्व्हरने वळवण्याऐवजी ४०१ द्यावा. तसे करून घेणे आपल्या हाती नसेल तर प्रतिसादाचा रिडायरेक्टेड हा गुणधर्म तपासावा.

मोठ्या फायलींचेही स्वतंत्र भान ठेवावे लागते. एनजिनएक्स या वेब सर्व्हरची मूळ मर्यादा एक मेगाबाइटची आहे आणि ती ओलांडली की ४१३ येतो, तोही एचटीएमएलमध्ये, कारण विनंती आपल्या कोडपर्यंत पोहोचलेलीच नसते. पीएचपीमध्ये एकूण मर्यादा ओलांडली की पोस्ट आणि फाइल्स हे दोन्ही ॲरे रिकामे मिळतात, आणि अर्जदाराला ‘नाव लिहिणे आवश्यक आहे’ असा चक्रावून टाकणारा संदेश दिसतो.

## सातवी पायरी: चूक आणि यश सांगणे

४२२ च्या उत्तरात सर्व्हरने रकान्याच्या नावानुसार संदेश द्यावेत आणि स्क्रिप्टने ते त्या-त्या रकान्याखाली टेक्स्टकन्टेन्ट वापरून लिहावेत. इनरएचटीएमएल वापरल्यास अर्जदाराने भरलेला मजकूर संदेशातून परत येताना कोड म्हणून चालू शकतो. चुकलेल्या रकान्याला एरिया-इनव्हॅलिड द्यावे, संदेश एरिया-डिस्क्राइब्डबायने जोडावा आणि फोकस पहिल्या चुकीवर न्यावा. संपूर्ण अर्जाविषयीचा संदेश एरिया-लाइव्ह असलेल्या चौकटीत लिहावा, आणि ती रिकामी चौकट पानात सुरुवातीपासून असावी, कारण मजकुरासह आयत्या वेळी घातलेली चौकट अनेक स्क्रीन रीडर वाचत नाहीत. संदेशाची भाषाही सरळ असावी. ‘अवैध इनपुट’ वाचून कोणालाही काही समजत नाही. ‘मोबाइल क्रमांकात १० अंक हवेत, तुम्ही ९ लिहिले आहेत’ हे समजते.

फॉर्म रिकामा करणारे रिसेट फक्त यशानंतर बोलवावे. ‘विनंती चालू आहे’ ही खूण आणि बटणावरचा मूळ मजकूर मात्र यश असो वा अपयश, फायनली या भागात पूर्ववत करावा, नाहीतर एकदा जाळे तुटले की बटण कायमचे मुके होते.

यश आल्यावर त्याच पानावर आभाराचे वाक्य दाखवण्याचा अट्टहास मला पटत नाही. सभासद नोंदणीसारख्या अर्जात पोचपावतीला स्वतःचा पत्ता असणे सोयीचे असते. ती छापता येते, जपून ठेवता येते, रिफ्रेश केली तरी हरवत नाही. अर्जदाराला त्याच पानावर थांबवून धरण्याची गरज अर्जात चूक असताना होती. अर्ज स्वीकारला गेल्यावर सर्व्हरने दिलेल्या पत्त्यावर त्याला सरळ घेऊन जावे. उलट, प्रतिक्रिया किंवा वृत्तपत्रिकेची नोंदणी अशा छोट्या फॉर्मसाठी तिथल्या तिथे संदेश पुरतो.

## तपासणी

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क हा टॅब उघडून वेग मुद्दाम कमी करावा आणि बटण भराभर दोनदा दाबून डेटाबेसमध्ये एकच नोंद झाली का ते पाहावे. विनंती अर्ध्यावर असताना ऑफलाइन जावे. दुसऱ्या टॅबमध्ये लॉगआउट करून पहिल्या टॅबमधून अर्ज पाठवावा. सर्व्हरवर मुद्दाम ५०० उठवावा, पंधरा मेगाबाइटचे छायाचित्र निवडावे, मोबाइल क्रमांक देवनागरी अंकांत लिहावा, माउसला हात न लावता केवळ टॅब आणि एंटरने संपूर्ण अर्ज भरून पाहावा आणि एक चूक दुरुस्त करून तोच अर्ज लगेच पुन्हा पाठवावा. टोकन बदलण्याचा दोष असेल तर तो या शेवटच्या चाचणीत पकडला जातो.